दिवसाची पाळी

मोटारीच्या पेटीवर तीन दिवे असतात. लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले म्हणजे थ्री फेज आली, मोटार चालू करायला हरकत नाही. दोनच लागले तर बटणाला हात लावायचा नाही, मोटार जळते. जानेवारीतल्या एका रात्री पावणेबाराच्या सुमारास संगमनेरकडच्या मळ्यात मी आणि मामा त्या तीन दिव्यांकडे बघत बसलो होतो. कांद्याला पाणी द्यायचं होतं. त्या आठवड्यात शेतीची पाळी रात्रीची होती. पाळी बारापासून असली तरी वीज बाराला येतेच असं नाही, म्हणून शेकोटी, कानटोप्या आणि गप्पा.

बारा वाजून दहा मिनिटांनी दिवे लागले. त्याच क्षणी आजूबाजूच्या अंधारातून आठ-दहा मोटारी एकदम गुरगुरल्या, कारण बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. ऑटो म्हणजे वीज आली की मोटार आपोआप चालू करणारा खटका. वस्तू सोयीची, पण चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्या एकाच सेकंदाला उठल्या की तो भार डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, येतो. आमच्यासमोर तिन्ही दिवे मंदावले आणि पुन्हा उजळले. तोपर्यंत मामांनी श्वास रोखून धरला होता. डीपी जळला तर नवा येईपर्यंत कांद्याचं काय होतं, हे त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

रात्री दारं धरणं म्हणजे काय, ते एकदा तरी बघावं. पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरत आला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. दिवसा वाफा भरलेला डोळ्यांना दिसतो. रात्री बॅटरीच्या झोतात पाण्याची नुसती चकाकी दिसते, खोली कळत नाही. बांधापलीकडे ऊस होता आणि उसात बिबट्या असतो हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक. मामा मधूनमधून मोठ्याने खाकरत होते, ते थंडीमुळे नव्हे. साडेतीनच्या सुमारास निळा दिवा गेला. मोटार थांबली.

"वायरमन आता सकाळी," मामा म्हणाले. "आणि कुठल्या वाफ्याला किती पाणी बसलं, तेही सकाळीच."

स्वच्छ ऊर्जेवरच्या प्रकरणाची सुरुवात इथून करण्याचं कारण आहे. महाराष्ट्रात सौर विजेची सर्वांत जोरकस मागणी हवामान परिषदांच्या ठरावांतून आली नाही. ती रात्रीची पाळी करणाऱ्यांकडून आली, आणि तिचे शब्द साधे होते: दिवसा वीज द्या.

शेतीला वीज रात्रीच का मिळायची? वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं महागाचं, त्यामुळे जेव्हा लागेल तेव्हाच ती तयार करावी लागते. कोळशाचं केंद्र मात्र लहरीनुसार चालू-बंद होत नाही. बॉयलर थंड केला तर पुन्हा तापवायला तासन्‌तास जातात आणि तेल जळतं ते वेगळंच. रात्री कार्यालयं आणि दुकानं बंद, पुष्कळसे कारखाने मंद. मागणी उतरते, पण केंद्र चालूच ठेवावं लागतं. त्या विजेला कोणीतरी गिऱ्हाईक हवं. ते गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. शिवाय शेतीचा वीजदर कमी, त्याची भरपाई उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून व्हायची. कमी पैसे देणारा रांगेत मागे उभा राहतो, तसा शेतकरी राहिला. आठ तास वीज, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. अभियंत्यांच्या दृष्टीने हिशेब चोख होता. त्यात माणसाची झोप कुठेच धरलेली नव्हती.

या व्यवस्थेतली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. गावठाणाच्या दिव्यांची वाहिनी आणि शेतातल्या मोटारींची वाहिनी, म्हणजे फीडर, वेगळे करण्यात आले. गुजरातने हे काम २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत राज्यभर केलं. महाराष्ट्रातही बऱ्याच भागात झालं. हेतू एवढाच की मोटारींची वीज कापली तरी गावातले टीव्ही-पंखे चालू राहावेत. पण त्यामुळे प्रत्येक उपकेंद्रातून निघणारी, फक्त मोटारींसाठी असलेली ११ केव्हीची तार वेगळी ओळखू येऊ लागली. तिच्या टोकाला सूर्य जोडता येईल, हे तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं. सूर्य तेव्हा परवडतच नव्हता.

तो परवडू कसा लागला, ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात जगातल्या इतक्या लोकांनी वर्गणी भरली आहे आणि बहुतेकांना आपण वर्गणी भरतो आहोत हे माहीतही नव्हतं. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनच्या पट्ट्यांवर ऊन पाडून एक खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला, आपल्या जत्रेत असतो तसा. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन हे तीन शास्त्रज्ञ. टेलिफोन कंपनीला दमट हवेत लवकर खराब होणाऱ्या बॅटऱ्यांना पर्याय हवा होता, म्हणून ही खटपट. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग विजेत उतरत होता. किंमत अशी की टेलिफोनच्या खांबावर ते लावणं वेडेपणा ठरला असता. लावले ते आकाशात. १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहावरची बॅटरी काही आठवड्यांत संपली, सौर घट मात्र सहा वर्षं संदेश पाठवत राहिले.

१९७६ मध्येही एका वॅटच्या पॅनेलची किंमत, आजच्या पैशांत मोजली तर, शंभर डॉलरच्या वर होती. मामांची पाच एचपीची मोटार चालवायला सुमारे पाच हजार वॅट लागतात; म्हणजे पाच लाख डॉलर. मळा, विहीर, घर आणि मामांचे सगळे शेजारी विकूनही ते जमलं नसतं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने संशोधनावर पैसा ओतला आणि काही वर्षांत हात आखडला. जपानने तो धागा उचलला; कॅल्क्युलेटरवर काळी पट्टी आली, पुढे घरांच्या छपरांवर पॅनेल आली. निर्णायक काम केलं जर्मनीने. २००० सालच्या कायद्याने छपरावर वीज तयार करणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला भाव मिळू लागला, सुरुवातीला युनिटला ९९ फेनिग. बाजारभावाच्या कितीतरी पट. हा जादा पैसा जर्मन घरांच्या वीजबिलात अधिभार म्हणून लावला गेला आणि तो अधिभार थेट २०२२ पर्यंत टिकला. जर्मनीत ऊन किती असतं, हे तिथे राहिलेल्यांना विचारा. त्या ढगाळ देशातल्या गृहिणींनी बिलातून पॅनेलला बाजारपेठ मिळवून दिली.

बाजारपेठ जर्मनीची, कारखाने मात्र शेवटी चीनचे. शी झेंगरोंग हा चिनी तरुण सिडनीत प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांच्याकडे सौर घटांवर डॉक्टरेट करून मायदेशी परतला आणि २००१ मध्ये वूशी शहरात त्याने सनटेक ही कंपनी काढली. गिऱ्हाईक जर्मन, विद्या ऑस्ट्रेलियन, भांडवलाला स्थानिक सरकारचा टेकू. त्याचं बघून शेकडो कारखाने उभे राहिले. सौर पॅनेलचा एक नियम बऱ्यापैकी खरा ठरत आला आहे: जगात आजवर बनलेल्या पॅनेलची एकूण बेरीज दुप्पट झाली की किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरते. चीनने ही बेरीज पुन्हा पुन्हा दुप्पट केली. त्या स्वस्ताईखाली जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१३ मध्ये खुद्द सनटेकचा वूशीचा कारखानाही. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक पायरीवर जगातला ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा एकट्या चीनचा आहे. सूर्य सगळ्यांचा असला तरी ऊन पकडायचं भांडं एकाच दुकानातून यावं, ही काही निश्चिंत व्हावं अशी गोष्ट नाही.

भारतात याचा परिणाम आकड्यांत बघा. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात युनिटचा भाव बारा रुपयांच्या आसपास निघाला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाला तो २ रुपये ४४ पैसे झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात १ रुपया ९९ पैसे. बारावरून दोनवर, दहा वर्षांत. कांद्याचा भाव असा पडतो, विजेचा पडलेला आमच्या पिढीने प्रथमच पाहिला.

आता वीज स्वस्त मिळते ती भर दुपारी, आणि तेव्हाच ती उदंड असते. कोळशाच्या जमान्यातलं गणित उलटं झालं. संध्याकाळी सातला, दिवे लागतात, गॅसवर कुकर चढतो, टीव्ही सुरू होतो, तेव्हा सूर्य मावळलेला. दुपारी बाराला तो ओसंडून वाहतो आणि घ्यायला माणूस नसतो. अशा वेळी कोणतं गिऱ्हाईक सर्वांत सोयीचं? ज्याला दिवसा वीज हवी आहे आणि दोन तास मागेपुढे झाले तरी चालतं. मोटार. पिकाला पाणी दहाला मिळालं काय आणि दोनला मिळालं काय, फारसं बिघडत नाही. शेततळं असेल तर तेवढंही नाही, कारण पाणी वर चढवून ठेवलं म्हणजे ऊन साठवून ठेवल्यासारखंच. लिथियमची बॅटरी लागत नाही. काल रांगेत शेवटी उभा असलेला ग्राहक वीजव्यवस्थेला आज हवाहवासा झाला आहे, आणि हे त्याला कोणी अजून नीट सांगितलेलं नाही.

सरकारने पहिला मार्ग काढला तो सोपा होता: प्रत्येक विहिरीवर पॅनेल. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. जिथे तार पोचलीच नव्हती आणि डिझेलचं इंजिन ओढून न्यावं लागे, तिथे या पंपाने आयुष्य बदललं, यात शंका नाही.

पण हिशेब करा. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पाच किलोवॅटचं वीस. वर्षाला सात हजार तीनशे. मोटार वर्षातले किती दिवस चालते? पावसाळा, कापणी, विहिरीत पाणी नसलेला उन्हाळा वगळला तर धरू एकशेवीस दिवस. म्हणजे चोवीसशे युनिट वापरली, उरलेली एकोणपन्नासशे तयारच झाली नाहीत. तार नाही, तर वीज जाणार कुठे? इतकं महागाचं यंत्र वर्षातले दोन-तृतीयांश दिवस शेतात उन्हं खात उभं. आणि दुसरी अडचण याच्या नेमकी उलटी: वीज फुकट, संपतही नाही, तर मोटार बंद का करायची? भूजल उपसण्यात भारत जगात पहिला आहे. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर. डिझेलला निदान भाव होता, रात्रीच्या विजेला निदान झोपेची किंमत होती.

या दोन्ही अडचणींवरचं एकच औषध गुजरातमधल्या एका लहानशा गावाने करून पाहिलं. खेडा जिल्ह्यातल्या ठासरा तालुक्यातलं ढुंडी. तिथल्या सहा शेतकऱ्यांकडे शेतीची वीजजोडणी नव्हती, डिझेलवर पाणी उपसत होते. आणंदला काम करणाऱ्या आयडब्ल्यूएमआय-टाटा जल धोरण कार्यक्रमाने, म्हणजे मुख्यतः तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आधी २०१५ मध्ये जवळच्या थामणा गावातल्या एका शेतकऱ्याच्या सौर पंपाची उरलेली वीज विकत घेऊन दाखवली होती. त्याला साडेसात हजारांचा धनादेश मिळाला तेव्हा त्याची छायाचित्रं छापून आली. पण एकाकडून वीज घेणं म्हणजे एक मीटर, एक तार, एक बिल. अशी हजारो बिलं कोणती वीज कंपनी वाचत बसेल?

म्हणून ढुंडीत सहा जणांनी २०१६ मध्ये सहकारी संस्था नोंदवली, सौर पंपधारकांची देशातली पहिली. सहा शेतांतली पॅनेल एकमेकांना तारेने जोडली, क्षमता ५६ किलोवॅट, आणि मध्य गुजरात वीज कंपनीला वीज देण्याची जागा एकच, मीटर एकच. करार पंचवीस वर्षांचा, भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्यावर संशोधन कार्यक्रमाने सव्वा रुपया हरित ऊर्जेचा आणि सव्वा रुपया पाणी वाचवल्याचा असा बोनस दिला, म्हणजे एकूण ७ रुपये १३ पैसे. बदल्यात शेतकऱ्यांनी काय सोडलं? पंचवीस वर्षं अनुदानित वीजजोडणी मागण्याचा हक्क.

यातली खुबी समजायला अर्थशास्त्र लागत नाही. मोटार चालू ठेवली की आता मीटर उलट्या बाजूने बोलतं. जास्तीचं पाणी उपसलेला प्रत्येक तास म्हणजे विकता न आलेली वीज. पाटबंधारे खात्याच्या माणसाने बांधावर येऊन ओरडायची गरज उरत नाही, शेतकरी स्वतःच हिशेब करतो: या वाफ्याला आज पाणी हवंच आहे का, की उद्या चालेल? पीक बुडालं तरी पॅनेलचं पीक बुडत नाही. गारपीट पॅनेलवर पडली तरी जाड काच बहुधा टिकते. शेजारच्या शेतकऱ्यांना डिझेलपेक्षा स्वस्तात पाणी मिळू लागलं, कारण संस्थेचे सभासद पाणीही विकत होते. पुढे सभासद नऊ झाले. आणि सहकारामुळे आणखी एक गोष्ट घडली जी करारात लिहिलेली नव्हती. मीटर एकच असल्यामुळे एकाचं पॅनेल धुळीने माखलेलं राहिलं, तर कमी पडणारं उत्पन्न सगळ्यांच्या एकाच बिलात दिसतं. मग शेजारी येऊन विचारतो.

ढुंडीला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. भांडवलाचा मोठा भाग अनुदानाचा होता, बोनस संशोधनाच्या पैशातून होता, आणि नऊ सभासदांवर राज्य चालत नाही. गुजरात सरकारने २०१८ मध्ये हीच कल्पना सूर्यशक्ती किसान योजना म्हणून फीडरपातळीवर नेली. पण नऊ जणांच्या ओळखीवर उभं राहणारं काम शेकडो जणांच्या फीडरवर तितकं सोपं राहत नाही. तरीही ढुंडीने जो प्रश्न विचारला तो टिकून आहे: सूर्याच्या विजेत शेतकरी कोण? ग्राहक, जमीनमालक की भागीदार?

महाराष्ट्राने वेगळं उत्तर दिलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची; राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून तिची सुरुवात झाली. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला आणि आकार एकदम बदलला. विहिरीवर पॅनेल न लावता उपकेंद्राजवळच्या पडीक किंवा भाड्याच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्या शेतीच्या फीडरमध्ये सोडायची. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. खासगी विकासकांनी तीन रुपयांच्या आसपास भाव लावला. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, म्हणून लांबच्या तारांत जाणारी गळती वाचते. वेग बघता देशात याच्या तोडीचं दुसरं काम नाही, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा मळ्यात गेलो. मोटार सकाळी नऊला चालू झाली. मामा न्याहारी करून, चपला घालून, उन्हात दारं धरायला गेले. कानटोपी खुंटीला. मला त्यांच्यासाठी इतकं बरं वाटलं की मी उत्साहाने विचारलं, "मामा, ती रस्त्याकडेची पॅनेलं आपल्याच विजेची ना?"

"आपली कुठली? ती कंपनीची. आपल्याला दिवसा मिळते, बास झालं."

"आणि जमीन?"

"जमीन एका पाहुण्याची. भाड्यानं दिलीय. एकराला पन्नास हजार वर्षाला. जिराईत होती, कुसळं यायची. त्याचं भलं झालं."

त्यांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. सरकारी किंवा गायरानाची जमीन असेल तिथल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं निधी आहे. कुसळं उगवणाऱ्या माळाला एवढं उत्पन्न कधीच नव्हतं. तरी परतताना मी एसटीत बसून पाकिटाच्या मागे गणित मांडलं. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, धरू पाच. म्हणजे भाडं अडीच लाख. एक मेगावॅट वर्षाला सुमारे सोळा लाख युनिट देतं. तीन रुपयांनी अठ्ठेचाळीस लाख. अठ्ठेचाळीसमधले अडीच गावात राहतात. उरलेल्यातून कर्जाचे हप्ते, देखभाल, विमा, आणि नफा. भांडवल साडेतीन-चार कोटींचं असतं आणि जोखीम विकासकाची, तेव्हा त्याला लुटारू म्हणायचं कारण नाही. पण ज्या राज्यात प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला, विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून आणि धनंजयराव गाडगीळांनी हिशेब तपासून, त्या राज्यात सूर्य विकत घ्यायला शेतकऱ्यांची एखादी संस्था पुढे येऊ नये, याचं मला नवल वाटतं. पुढे साखर सहकाराचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुधा त्याचमुळे ती पुढे येत नाही.

त्यातच २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख शेतीपंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. वीज दिवसा, वर फुकट. ढुंडीच्या मीटरने शेतकऱ्याला मोटार बंद करायचं जे कारण दिलं होतं, ते आपल्याकडे उरलं नाही.

आपल्याला एक गोष्ट तात्पुरती वाचवते: आपला खडक. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांत पाणी थोडंच राहतं. गुजरातच्या गाळाच्या मैदानात मोटार दिवसभर ओढू शकते. आमच्या मामांची विहीर उन्हाळ्यात दोन तासांत तळ दाखवते आणि मग रात्रभर झिरपून भरते. सूर्य आठ तास असला तरी विहीर दोनच तास देते. माणसं मग बोअर खोल नेतात, आणि खोल गेलं की भेगांतलं पाणी संपायला वेळ लागत नाही.

पाणी वाटून घ्यायची रीत या मातीला नवी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणशी, भूमिहीनालाही वाटा, ऊस वर्ज्य. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी मांडायला सुरुवात केली. धुळे-नाशिककडची फड पद्धत तर कित्येक पिढ्यांची. यातल्या कोणत्याच गावाकडे पॅनेल नव्हतं. पण पॅनेल आलेल्या गावांना उद्या जे लागणार आहे, ते यांच्याकडे आधीच होतं.

परिषदांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा झाली, तिचं मुख्यालय आपल्या गुरुग्रामला आहे आणि शंभराहून अधिक देश तिच्यात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जाक्षमता तिप्पट करण्याचं ठरलं. भारताची सौरक्षमता जानेवारी २०२५ अखेर १०० गिगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षाच्या मध्यावर देशातल्या एकूण वीजक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-वायूबाहेरचा झाला. क्षमता म्हणजे वीज नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. सूर्य रात्री आणि ढगांत रजेवर असतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. मामांच्या घरातला संध्याकाळचा दिवा आजही बहुतांशी कोळशावरच लागतो.

तेव्हा वाचकहो, तुमची शेती असेल, किंवा गावाकडे कोणाची असेल, तर एक काम करा. कुसुम योजनेच्या पहिल्याच घटकात, ५०० किलोवॅट ते दोन मेगावॅटचे प्रकल्प शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पाणीवापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ग्रामपंचायती उभारू शकतात, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत कोणाची जमीन चालली आहे, किती वर्षांसाठी, कोणत्या भावाने, आणि गावाने स्वतः प्रकल्प घ्यायचं ठरवलं तर काय लागेल, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. सही करण्याआधी विचारा. हे करार पंचवीस वर्षांचे असतात.